फ्रीजच्या दारावरचं हृदय

रविवार, दसऱ्याच्या आधीचा. फ्रीज पुसायला काढला. दारावर लेकीने चिकटवलेला कागद ओढणार, तोच थांबले. हृदयाचं चित्र होतं. उजव्या कप्प्यावर लिहिलं होतं ‘परत आलेला माल’, फुफ्फुसांवर ‘दुरुस्ती विभाग’, डाव्या कप्प्यावर ‘रवानगी’. आणि झडपेवर, आमच्या कापडदुकानातल्या पाटीसारखं, ‘गेलेला माल परत घेतला जाणार नाही.’

मी एकटीच मोठ्याने हसले.

इरा बीबीए करते आणि सोबत मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेचा अभ्यास. तिची ओढाताण बघून ‘यातलं एक सोड’ असं आज सांगायचं मी ठरवलं होतं.

“आई, फाडू नकोस हं ते!” ती आतून ओरडली.

“हृदय आहे की गोडाऊन गं?”

“दोन्ही! माझ्या दवाखान्यात तपासणार मी आणि दवाखाना चालवणारही मीच.”

आमच्या कॉलेजात कॉमर्सवाले आणि सायन्सवाले वेगवेगळ्या जिन्यांनी वर जायचे. शरीराला हे जिने ठाऊक नसावेत. माल वेळेवर पोहोचवायचा, वापरलेला परत आणायचा. परत घेणं सोडलं, तर दुकानात मीही दुसरं काय करते? बायॉलॉजीला घाबरून कॉमर्स घेतलेल्या मला पन्नाशीत हृदय कळलं, तेही हातात ओलं फडकं असताना. भलताच आनंद झाला.

कागद सोडून बाकीचं दार पुसलं. काहीतरी सोडायला हवं होतं हे खरंच. रोज सकाळचे तीन तास ती दुकानात माझ्या मदतीला बसते. दुसऱ्या दिवशी तिला घरीच अभ्यासाला बसवून मी एकटीने शटर उघडलं.