अर्धं ऐकलेलं ‘विड’

तापलेल्या चार्जरचा वास आला की मला चेन्नईच्या उत्तरेचं, एन्नोरजवळचं एक छोटं स्टेशन आठवतं, कारण तिथला आमचा वॉकीटॉकी असाच तापायचा. मी तिथे नवीन स्टेशन मास्तर होते. समुद्राचा वारा वीजकेंद्राची राख घेऊन यायचा आणि दुपारपर्यंत टेबल काळं पडायचं. त्या दिवशी पुढच्या वळणावर रूळदुरुस्तीची टोळी काम करत होती आणि कोळशाची मालगाडी माझ्याकडे थांबली होती. ‘गाडी सोडू का?’ मी वॉकीटॉकीवर तमिळमध्ये विचारलं. खरखरीतून टोळीच्या मुकादमाचा आवाज आला, ‘विड...’ आणि पुढचं वाऱ्यात बुडालं. तमिळमध्ये विडु म्हणजे सोड; तो तेच म्हणाला असं मी धरलं. पुन्हा विचारावंसं वाटलं, पण आधीच दोनदा विचारून झालं होतं. नव्या बाईला ऐकू येत नाही म्हणतील, याची लाज वाटली. मी सिग्नल दिला. डबे एकामागून एक खडखडत हलले, आणि तोच आवाज किंचाळला, ‘विड वेण्डाम!’ म्हणजे सोडू नका. ‘माणसं रुळांवर आहेत!’ मी सिग्नल लाल केला, रेडिओवर ड्रायव्हरला ओरडून थांबवलं. गाडी थांबली तेव्हा टोळी जेमतेम शंभर पावलांवर होती. संध्याकाळी मुकादम आला. तो भांडेल असं वाटलं होतं, पण त्याने पाणी मागितलं. पेला रिकामा करून त्याने टेबलावर ठेवला. ‘अम्मा, दहादा विचारा,’ तो म्हणाला, ‘आम्ही चिडणार नाही.’ आता मी नव्या भरतीला शिकवते. परवा एकजण नीट न ऐकताच ‘येस मॅडम’ म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरची लाज मी ओळखली, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच हे सगळं वर्गात सांगितलं.