चहावरची साय

वाडीच्या गोदामांत बैठक बसली की लोक आधी जनाबाईला गाठत. मालक, ट्रकवाले आणि हमाल यांचं कुठे जमणार, हे ती आधीच सांगे. नऊ वर्षांत एकदाही चुकली नव्हती. यात दैवी वगैरे काही नाही. कोणाला काय हवं, कोण कोणाचं ऐकतो, हे फाटकाजवळ चहा विकणारीला ठाऊक असतंच. उरलेलं कप सांगत. घाई असलेला माणूस गरम पिऊन टाकतो; ज्याला थांबणं परवडतं, त्याच्या चहावर साय धरते. बघायला डोळे हवेत, इतकंच.

परवाचा सवाल फाटकाचाच होता. मालक सुशीलबाबूंना ते मागच्या गल्लीत हवं होतं. ट्रकवाल्यांनाही, तिथे गाड्यांना जागा. हमालांना प्रत्येक पोतं चाळीस पावलं जास्त वाहावं लागणार, म्हणून त्यांचा नकार. आणि फाटक हललं की जनाबाईची टपरी संपलीच!

"काय होते वं, मावशी?" हमालांच्या म्होरक्या बाबूलालने आत जाताना विचारलं.

"फाटक मांगं जाते. पोत्यामागं रुपया वाढवतीन, अन् तुम्ही गप बसान."

"नाही बसलो तं?"

"तं साऱ्याइले चहा फुकट! जाय आता."

पहिल्या फेरीला सुशीलबाबूंच्या चहावर जाड साय. झालंच! मग रुपयाही वाढला. दुसरी फेरी घेऊन जनाबाई आत गेली नि दारातच थबकली. बाबूलालचा कप भरलेला, वर साय! बाकीच्या हमालांचंही तेच. उकळता चहा घशात ओतून पोत्याकडे पळणारी ही माणसं! रुपया मिळाला, मग अडलंय कुठे?

"बरं, पोत्यामागे दोन घ्या," म्हणत सुशीलबाबूंनी नवा कप एका दमात संपवला.

जनाबाईने त्यांच्या रिकाम्या कपात डोकावून पाहिलं. घाई मालकाला!

"एकच द्या," बाबूलाल म्हणाला. "पण नव्या फाटकाशी मावशीच्या टपरीची जागा लिहून द्या. टिनाच्या छपरासकट."

"द्या ना साहेब," ट्रकवाला गिरिधर हसला. "चहा तं आमालेबी लागते."

सह्या झाल्या. बाबूलाल बाहेर येऊन ओरडला, "काढ वं, फुकटचा!"

"काहून? फाटक तं मांगंच गेलं!"

"अन् आम्ही गप बसलो काय?"

 जनाबाईने पातेल्यात दुधाची एक पिशवी ओतली, लगेच दुसरीही.

"प्या, मेल्याहो! पण गरम प्या. आता कोनाच्या कपात साय दिसली, तं डोक्यावर उपडा करीन!"