डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती?

डॉक्टर म्हणाले, "हे डिप्रेशन आहे." डिप्रेशन म्हणजे मन खचण्याचा आजार. पिंपरीच्या दवाखान्यात मी स्टुलावर बसले होते. दारात उभ्या सासूबाईंनी विचारलं, "म्हंजी येरवड्याला धाडायची व्हय हिला?"

मंगल माझी चार वर्षांची. वेड्यांच्या इस्पितळात राहून आलेल्या बाईच्या हाती पुन्हा लेकरू देतात का, मला माहीत नव्हतं.

त्याआधी आठ महिने मला धड झोप नव्हती. तव्यावर भाकरी जळायची आणि मी बघत राहायचे. डोक्यात गर्दी, तोंडातून मात्र शब्द निघायचा नाही. हे, मंगलचे वडील, माझ्या वतीने सांगायचे, "तिचं डोकं दुखतं." म्हणून आधी चष्मा झाला. मग ई.ई.जी. काढला. त्यात डोक्याला तारा चिकटवून मेंदूची नोंद घेतात. दुखत नाही. कुरुळीहून एस.टी.च्या तीन खेपा झाल्या, यांचे कंपनीत तीन खाडे पडले आणि सगळं नॉर्मल निघालं.

या डॉक्टरांनी निदान सांगून झाल्यावर विचारलं, "मुलं किती?"

हे म्हणाले, "एक."

"बाईंना बोलू द्या."

सासूबाईंच्या देखत परक्या पुरुषाशी मी कधी बोललेच नव्हते. मान वर होईना. डॉक्टरांनी विचारलं, "लिहिता येतं?" त्यालाही यांनीच उत्तर दिलं, "चौथी पास आहे." डॉक्टरांनी केसपेपर पालथा करून माझ्यापुढे सरकवला.

मी लिहिलं, "दोन. धाकटी अकराव्या दिवशी गेली. बारसं झालं नव्हतं म्हणून तिला कुणी मोजत नाही."

डॉक्टरांनी वाचून कागद यांच्या हातात दिला. एवढंसं लिहिलेलं, पण हे बराच वेळ वाचत राहिले.

"येरवड्याला पाठवायची गरज नाही," डॉक्टर म्हणाले. "गोळ्या देतो. आणि रोज असंच लिहायचं. मला नाही दाखवलं तरी चालेल."

गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं. पहिले पंधरा दिवस काही फरक कळत नाही, म्हणून सोडू नयेत. आणि माझ्यासारखी लाजरी कुणी असेल तर तिने डॉक्टरांकडे कागद मागावा. लिहून दुःख जात नाही. माझं गेलेलं नाही. वहीत उतरलं की डोक्यात थोडी जागा होते. कित्येक दिवस तेवढीही होत नाही.

सासूबाई हसायच्या. "कलेक्टरला अर्ज लिवतीया जणू!"

एका दुपारी मात्र कांदे निवडता निवडता त्या म्हणाल्या, "माजं बी लिव."

"काय लिहू, आत्याबाई?"

"माजी तीन गेली. दोन पोरी, एक पोरगा. पोराच्या हनुवटीवर तीळ व्हता. लिव त्ये."

मी लिहिलं. सासूबाईंना वाचता येत नाही. त्यांनी वही मांडीवर ओढून घेतली आणि विचारलं, "ह्यात पोरगा कुठला?"

मी त्यांचं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं.