चिठ्ठीत मागं राहिलेलं गाव

कबनूरला यंत्रमागावर होतो तेव्हा मागांची खटखट एवढी असायची की शेजारच्याशीही हातवारे करून बोलावं लागायचं. म्हातारपणी काम मिळालं ते अगदी उलटं. मनाच्या आजारावर खेड्यातच उपचार कसे पोचवायचे, हे शोधायला दिल्लीहून निधी आला होता. दर गुरुवारी डॉक्टरबाईंबरोबर कोल्हापूरहून चंदगडला जायचं, खोली उघडायची, चहा करायचा. आत माणसं हळू बोलायची, ते मी कधी ऐकलं नाही. पण दाराबाहेरचेच किस्से इतके साठलेत की बसलो की एकामागून एक निघतात.

*

पहिल्यांदा ‘मानसिक आरोग्य’ अशी पाटी लावली. लोक दोन दुकानं अलीकडंच थांबायचे. मग बाईंनी ‘बीपी तपासणी’ची पाटी लावली. रांग लागली. एका आजोबांच्या दंडाला पट्टा गुंडाळायला गेल्या, तर त्यांनी हात मागं घेतला.

“बीपी ऱ्हाऊ द्या बाई, ते बरं हाय. झोपंचं बोला.”

*

निम्म्या गावांना उपचार आधी, निम्म्यांना नंतर, म्हणजे उपचारानं काय फरक पडला ते कळतं. कुठली आधी, ते चिठ्ठ्या टाकून ठरलं. मागं राहिलेल्या एका गावचे सरपंच तावातावानं आले.

“चिठ्ठी न्हाय निघाली म्हणून आमच्या गावानं तवर शहाणं ऱ्हायाचं व्हय?”

बाई हसल्या, पण नियम मोडला नाही.

*

आमच्या पाहणीचे प्रश्न विचारणारी पोरगी नवीन होती. ओसरीवर एका मावशींना तिनं विचारलं, “गेल्या आठवड्यात किती वेळा रडू आलं?”

“कांदा चिरताना आल्यालं धरायचं काय?”

“नको.”

“मग एकदाच. सोमवारी सुरू झालं, ते थांबलंच न्हाय.”

पोरीनं पेन खाली ठेवलं आणि मावशींचा हात धरून बसली.

*

त्याच मागं राहिलेल्या गावची एक अक्का दर गुरुवारी एसटीनं यायची. तिचा लेक महादेव, चांगला बाप्या गडी, वडील गेल्यापासून उंबऱ्याबाहेर पडला नव्हता.

“मामा, आमची पाळी कवा?”

“आधीच्या गावांचं झालं की तुमचीच, अक्का,” मी सांगायचो. बाईंनीच तसं सांगितलं होतं.

आधीच्या गावांचं झालं, आणि दिल्लीहून फोन आला, पुढचा निधी नाही. शेवटच्या गुरुवारी आम्ही टेम्पोत सामान भरत होतो. तेवढ्यात एसटी थांबली. अक्का उतरली. मागून तिचा पदर धरून महादेव.

“पाळी न्हाय आली तरी आणलं की ओ त्येला!”

बाईंनी टेम्पोतल्या दोन खुर्च्या उतरवायला सांगितल्या. रिकाम्या खोलीत त्या आणि महादेव बराच वेळ बसले. मी अक्काला चहा दिला. तिनं तो हातात धरला, प्यायला नाही.

दार उघडलं. महादेवनं आईचा पदर धरला नाही. तो बाईंकडं वळला.

“बाई, फुडल्या गुरुवारी किती वाजता येऊ?”

बाईंनी माझ्याकडं बघितलं. चष्मा काढून पुसला. मग टेम्पोकडं चालत गेल्या.