माझी सही त्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात

"साहेब, हे आमचं सर्टिफिकेट."

भाऊ माझ्याकडं बोट दाखवून म्हणाले. भाऊ म्हणजे माझे ठेकेदार. पिंपरीतल्या एका सरकारी कार्यालयात साफसफाईच्या निविदेची बैठक होती. साहेब हसले. बाकीचे ठेकेदार वळून बघायला लागले. माझं नाव कुणी विचारलं नाही.

मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते.

लातूरकडून आम्ही नवरा-बायको आलो, तेव्हापासून मी चाकणच्या कंपन्यांत झाडलोट करत होते. शॉपफ्लोअर, कॅन्टीन, संडास. पुढं सुपरवायझर झाले. पण कंपनीची नाही, भाऊंची माणूस. एक दिवस भाऊच म्हणाले, तुमच्या नावानं फर्म काढू, बाईमाणूस आणि मागासवर्गीय म्हणून सरकारी कामात सवलत मिळते. मला खरं वाटलं. गावाकडं आईला फोन केला. म्हटलं, मी मालकीण होणार.

आधार दिलं, पॅन दिलं, जातीचा दाखला दिला. फोनवर येतील ते ओटीपी सांगत गेले. फर्मला नाव दिलं भाऊंच्या मुलीचं. ऑनलाइन निविदेला सही लागते, ती पेनड्राइव्हसारख्या बारक्या वस्तूत असते. माझी सही मी पहिल्यांदा बघितली ती भाऊंच्या गाडीच्या किल्ल्यांना अडकवलेली.

बैठकीहून परतताना गाडीत मी ती मागितली. भाऊंनी आरशातून माझ्याकडं बघितलं.

"तुमच्याकडं देऊन काय करू? झाडताना कचऱ्यात जायची."

वाटेतली मोशी कधी आली कळलं नाही. रडू आलं नाही. नुसती दमले. इतकी वर्षं वाकून झाडलं, तेव्हा अशी दमले नव्हते.

निविदा भरायच्या शेवटच्या दिवशी भाऊंचा फोन आला. ओटीपी पाहिजे होता. तो माझ्या मोबाइलवर येऊन पडला होता.

"ताई, लवकर सांगा. वेळ संपत आली."

"सांगत नाही."

"का?"

"फर्म माझी हाय."

मी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या गेटवर माझं कार्ड चाललं नाही. नवरा चिडला, घर कसं चालायचं म्हणाला. पण सुट्टीच्या दिवशी तोच मला गाडीवर बसवून सेवा केंद्रात घेऊन गेला. तिथं जुनी सही रद्द करून घेतली, नवी काढली. फर्मचं नाव बदलून माझं पूर्ण नाव टाकायला सांगितलं. काँप्युटरवरची मुलगी हळूच म्हणाली, "ताई, आडनाव नका टाकू. लगेच कळतं."

"टाक," म्हटलं. "कळू दे."

पुढं दुसरी निविदा निघाली, ती माझ्या सहीनं भरली. बाद झाली. कारण, अनुभव नाही. मी झाडलेली सगळी वर्षं कागदावर भाऊंच्या नावावर आहेत.

आता मी त्या कंपन्यांच्या गेटवर जाते. इथं मी काम केलं, तेवढं लिहून द्या म्हणते. उद्या या म्हणतात. पाय दुखतात. तरी उद्या जाते. देणार नसाल तर देणार नाही असं सहीशिक्क्यानं लिहून द्या, असं आता मी त्यांना सांगणार आहे. दोन्हींतलं एक हातात पडल्याशिवाय मी गेटवरून उठणार नाही.