दोराचं दुसरं टोक

सन दोन हजार चोवीस. भादवा महिना, अनंत चतुर्दशीची सकाळ. पावसाने उघडीप दिली होती. बंधाऱ्यामागे गोदावरीचं पाणी तुंबलेलं, गढूळ, दोन्ही काठांना लागलेलं. घाटावर मी एकटा होतो.

आमच्या घाटावर दोन गोष्टी साचतात. गाळ आणि किस्से. गाळ आम्ही दरवर्षी पाट्यांनी काढतो. किस्से काढायला पूर्वी माणसं होती. चुलीवर चहा उकळेपर्यंत दोन-तीन निघायचे. आता माणसं नाहीत, किस्से तसेच पडून आहेत. म्हणून लिहितो. शाळा मी चौथीपर्यंत शिकलो, तेवढी याला पुरे.

आमचं गाव वडीगोद्रीवरून आत, नदीला लागून. गावात आम्ही काही जणांनी पथक केलं होतं. पगार नाही, वर्दी नाही. काम दोनच. नदीत माणूस बुडू द्यायचा नाही आणि नदीत घाण पडू द्यायची नाही. म्होरक्या नाना भोई. मासे धरणारा माणूस, जमिनीवर कमी आणि पाण्यात जास्त राहिलेला.

नानाने एक रीत घातली होती. ज्याला पाण्यातून काढलं त्याच्याकडून पैसा घ्यायचा नाही. नारळ नाही, हार नाही. त्याने एक दिवस घाटावर येऊन उभं राहायचं. आलं की दिवस मावळेपर्यंत हलायचं नाही. दोर धरायचा, कचरा काढायचा, दुसऱ्याला बुडू द्यायचं नाही. दिवस भरला की देणं फिटलं. मग त्यावर कोणी शब्द काढायचा नाही.

सगळ्यांनी आपापले दिवस भरले. एकाचा बाकी राहिला. तो माझा मुलगा, भरत.

त्याचं पुढे सांगतो.

*

नवीन जालन्यात मदनशेठ म्हणून आहेत. बियाण्याचं दुकान. अधिक महिन्यात घरची मंडळी घेऊन गोदास्नानाला आले. पायरीवर शेवाळ होतं. शेठ घसरले ते सरळ खोल पाण्यात! नानाने धोतराचा सोगा धरून ओढून काढले.

शेठनी ओलं पाकीट उघडलं. नाना म्हणाला, "ते वाळवा. आमाला एक दिवस पाह्यजे."

पुढच्या रविवारी गाडी आली. गाडीतून मुनीम उतरला.

"शेठजींना टाइम नाही. त्यांचा दिवस मी भरतो."

"बुडाल्तं कोण?" नानाने विचारलं.

"शेठजी."

"मंग त्यायलाच पाठवा. बुडाले शेठ अन् फेडून राह्यला मुनीम! आसं बिलकुल चालत न्हाई."

मुनीम परत गेला. त्याच्या पुढच्या रविवारी शेठ स्वतः आले. सोबत घडीची खुर्ची, छत्री आणि दोन डबे. दुपारपर्यंत खुर्चीत बसून राहिले. मग एका बाईने निर्माल्याची प्लास्टिकची पिशवी तशीच नदीत टाकायला हात उचलला. शेठ छत्री टाकून उठले.

"ओ ताई! फुलं ड्रमात, पिशवी घरला! नदीत काही नाही!"

काय आवाज! पलीकडच्या काठावर माणसं उभी राहिली. त्या दिवशी एक पिशवी पाण्यात गेली नाही. संध्याकाळी शेठचा घसा बसला होता. जाताना कसेबसे म्हणाले, "नाना, जिंदगीभर दुकानात ओरडलो. एवढं बराबर कोणी ऐकलं नव्हतं!"

*

बदनापूरचा एक मुलगा होता, बँकेत नोकरीला. बंधाऱ्याच्या दगडावर फोटो काढायला गेला आणि पाणी वाढलं. गळ्यापर्यंत पाण्यात उभा. आम्ही दोर फेकला. पठ्ठ्याने एका हाताने दोर धरला, दुसऱ्या हातात फोन वर धरलेला!

नाना ओरडला, "बाळा, दोन्ही हातांनी धर! एका हातानं जगता येत न्हाई!"

त्याने विचार केला आणि फोन दातात धरला. तसाच ओढून काढला. कुत्र्याने चप्पल आणावी तसा फोन आणला त्याने.

आपला दिवस भरायला मात्र वेळेवर आला. पण घाटावर रेंज नाही. सकाळपासून फोन हातात घेऊन इकडून तिकडे. शेवटी नानाला विचारलं, "काका, इथं रेंज कुठं येते?"

नानाने बंधाऱ्याकडे बोट केलं. "तू बुडाल्ता ना, बराबर तिथं!"

*

एकदा दसरा झाल्यावर सकाळी धुक्यात मला पाण्यावर डोकं दिसलं. खांदे दिसले. एक हात वर. मी आरोळी दिली. नानाने सदरासुद्धा काढला नाही, उडी टाकली. मी दोर सोडला. बरंच जड होतं. दोघांनी मिळून पायरीवर आणलं.

देवी निघाली! प्लास्टरची मूर्ती, न विरघळलेली. रंग धुऊन गेलेला, डोळे तेवढे शिल्लक.

मी हसलो. मला हसायची सवय नाही, पण हसलो. नाना हसला नाही. धापा टाकत म्हणाला, "काढली ना पाण्यातून?"

"काढली."

"मंग एक दिवस."

नानाने मूर्ती धुतली, वरच्या पायरीवर बसवली, ड्रमाच्या शेजारी. येणारा माणूस आधी देवीकडे बघायचा, मग हातातल्या पिशवीकडे. गुमान ड्रमात टाकायचा. एका म्हातारीने हात जोडून विचारलं, "आई, तुझी आशी दशा कोन केली व्हं?" नाना मागून म्हणाला, "आपणच केली, मावशे." पुढच्या वर्षी गावाने मातीची मूर्ती बसवली.

दिवस मावळल्यावर नानाने मूर्ती उचलून देवळामागे नेऊन ठेवली. म्हणाला, "हिचं फिटलं."

*

आता दोराचं सांगतो.

विसर्जनाच्या दिवशी घाटासमोर कमरेइतक्या पाण्यात आडवा दोर धरायचा. एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला नाना. दोराच्या पुढे कोणी जायचं नाही. मधे गर्दी, ढोल, गुलाल. आवाज पोचत नाही, माणूस दिसत नाही. म्हणून बोलायचं ते दोराने. एक हिसका म्हणजे 'मी आहे'. दोन हिसके म्हणजे 'माणूस गेला, ओढ'.

नाना दिवसभर मधूनमधून एक हिसका द्यायचा. मी उलट एक द्यायचो. एकदा चिडून विचारलं, "कामाशिवाय कशाला हालवतो?"

"काई न्हाई. तू झोपला का, पाह्यलं!"

*

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट, भरत तेव्हा कॉलेजात होता. मित्रांशी पैज लावून भर पुरात पलीकडे पोहायला निघाला. मधेच दमला. नानाने काढला. मी काठावर होतो. मला पोहता येतं, पण त्या वेळी माझे पाय हलले नाहीत.

तो शुद्धीवर आल्यावर नाना त्याला म्हणाला, "एक दिवस, भरत."

"देतो काका. दिवाळीला येतो तवा देतो."

त्याला पुण्यात नोकरी लागली. दिवाळ्या आल्या आणि गेल्या. कधी दोन दिवसांसाठी यायचा, घरी बसायचा, घाटाकडे फिरकायचा नाही. त्याची आई गेली तेव्हा अस्थी घेऊन घाटावर आला. काम आटोपलं की मोटारीत बसला. मी नानाकडे बघितलं. नानाने मान हलवली.

"रामभाऊ, आईसाठी आला तो दिवस आईचा. तो धरत न्हाई."

मीही धरला नाही.

मग एकदा पुण्याहून पार्सल आलं. त्यात नारिंगी जाकिटं, पाण्यात तरंगणारी, भारी किमतीची. नानाने एक हातात घेऊन दाबून पाहिलं. "चांगली हायेत. पण जाकीट थोडंच बुडाल्तं? पोरगा बुडाल्ता."

मी पार्सल पुन्हा बांधून माळ्यावर टाकलं. फोन करून बोलावलं असतं तर आला असता, असं लोक म्हणतात. मी फोन केला नाही. ज्याचं देणं त्यानेच आठवावं. आठवण करून दिली तर ती वसुली होते.

*

पथक आपोआप मोडलं. कोणी जालन्याच्या कारखान्यात लागला, कोणी मुलाकडे संभाजीनगरला गेला. एकाचे गुडघे गेले. शेवटी नाना आणि मी.

यंदाच्या उन्हाळ्यात नाना गेला. सारी जिंदगी पाण्यात काढली आणि मेला खाटेवर, कोरडा. जायच्या आधी मी त्याच्या उशाशी होतो. विचारलं, "नाना, काही राहिलं का?"

"माझं काई न्हाई. तुझ्या घरचा एक दिवस राह्यला. तो मी वर जाऊन मागणार न्हाई. तूच घे."

एवढं बोलून भिंतीकडे तोंड केलं. शेवटच्या वेळीही मलाच कामाला लावून गेला!

*

तर चतुर्दशीच्या सकाळी मी एकटा होतो, आणि दोराला टोकं दोन असतात.

सरपंच येऊन म्हणाला, "आबा, दुसरं टोक पाण्यातल्या खांबाला बांधा. काय फरक पडतो?"

फरक पडतो. खांब दोर धरतो, ओढत नाही. पण माणूस नव्हता. मी टोक खांबाला बांधलं आणि माझ्या जागेवर जाऊन उभा राहिलो.

दुपारनंतर मिरवणूक आली. ढोल, गुलाल, पायऱ्या भरून माणसं. समोरचं काही दिसेना. सवयीने मी एक हिसका दिला. खांब काय बोलणार! तरी थोड्या वेळाने पुन्हा दिला. का दिला ते मला सांगता येणार नाही.

मग दोर हलला. एकच हिसका.

मला वाटलं, एखादं लाकूड वाहत येऊन अडकलं. मी एक दिला. तिकडून एक आला.

मी जागा सोडू शकत नव्हतो. गर्दीत मधेच फट पडली तेव्हा पाहिलं. खांबाची गाठ सुटलेली होती. भरत उभा होता. पँट कमरेपर्यंत भिजलेली, कानाजवळचे केस पांढरे, दोर कमरेमागून घेतलेला, नाना घ्यायचा तसा. सोबत काही आणलेलं नव्हतं. बरं केलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं. लक्ष पाण्यावर पाहिजे.

ऊन उतरता उतरता दोन हिसके आले. मी विचार केला नाही, ओढलं. या वेळी पाय हलले. दोर ताणला, वर आला आणि त्याला लटकलेला एक माणूस वर आला. दोराच्या पुढे गेला होता, मूर्ती सोडताना. आम्ही दोघांनी दोन अंगांनी ओढून त्याला पायरीला लावला. खोकला, पाणी ओकला, मग खिशात हात घातला.

भरत त्याला म्हणाला, "पैसे राहू द्या. एक दिवस लागतो."

पुन्हा आपल्या टोकाला जाऊन उभा राहिला.

शेवटचा गणपती गेला. ढोल गावाकडे गेले. घाटावर ओला गुलाल आणि आम्ही दोघं. दिवस मावळला. भरतने त्याच्या टोकाकडून दोर गुंडाळत आणला. माझ्यापाशी पोचला तेव्हा सगळा दोर त्याच्या हातात होता. त्याने तो माझ्या खांद्यावर ठेवला.

दिवस भरला.