थोरल्या दिरांची तापलेली गाडी

माझ्या थोरल्या दिरांइतका भित्रा माणूस यमुनेच्या अलीकडे किंवा पलीकडे दुसरा कुणी असेल, असं मला वाटत नाही. आम्ही सगळे त्यांना दादा म्हणायचो. केंद्र सरकारच्या एका खात्यात ते बऱ्यापैकी वरच्या हुद्द्यावर होते आणि त्यांच्या सहीशिवाय फाइल पुढे सरकत नसे. पण घरातून निघताना हाच माणूस गॅसचं बटण तीनदा चाचपून बघायचा आणि फाटकापर्यंत गेल्यावर चौथ्यांदा परत यायचा. दिल्लीतलं लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आम्ही सगळे नोएडातल्या नव्या सोसायटीत राहायला आलो, तेव्हा तिथली लिफ्ट सुरू होऊन जेमतेम आठवडा झाला होता. "नवी आहे, अजून तिला सवय नाही," असं म्हणून दादा वर्षभर भाजीच्या पिशव्या घेऊन पाच मजले चढत राहिले. जाऊबाईंना पानिपतहून ब्लँकेटं आणायची होती. सोसायटीतल्या सगळ्या बायका तिथूनच आणायच्या. दादा गंभीरपणे म्हणाले, "आपले लोक एकदा गेले होते तिकडे." शेवटी ब्लँकेटं दिल्लीतच घेतली गेली.

अशा माणसाने गाडी घेतली ती आणखी मोठ्या भीतीपोटी. सासूबाईंचं हृदय अधू झालं होतं. त्यांचं हॉस्पिटल नदीपलीकडे दिल्लीत, आणि आमच्या सेक्टरमध्ये तेव्हा रुंद रुंद रस्ते होते, पण त्यांवर रिक्षा दिसली तर नशीब. माझे यजमान फिरतीच्या नोकरीत, महिन्यातले वीस दिवस बाहेर. तेव्हा दादांनी जुनी, छोटी, पांढरी गाडी घेतली आणि पन्नाशीला टेकलेले असताना ती चालवायला शिकले. सपाट जमिनीवरसुद्धा ते तिच्या चाकांना विटा लावायचे. डिकीत पाण्याचे दोन कॅन ठेवायचे. चालवताना त्यांचं लक्ष रस्त्यापेक्षा इंजिनाचं तापमान दाखवणाऱ्या काट्यावर जास्त असायचं, आणि घरी आल्यावर तो काटा कुठे कुठे कसा होता ते वहीत लिहून ठेवायचे. एकदा मी घाबरून ओरडले, "दादा, समोर ट्रक आहे!" ते शांतपणे म्हणाले, "ट्रक दिसतोय गं. तो बाहेर आहे. मला भीती आतल्याची आहे."

आणि मे महिन्यातल्या एका शुक्रवारी त्यांची भीती खरी ठरली. सासूबाईंना डॉक्टरांना दाखवून आम्ही परत येत होतो. डॉक्टरांनी बजावलं होतं, "मंगळवारी सकाळी भरती करा, पेसमेकर बसवावा लागेल. उशीर नको." पुलावर गाड्यांची रांग लागलेली, बाहेर लू, म्हणजे उत्तरेतला तो भाजून काढणारा उन्हाळी वारा, वाहत होती, आणि काटा मध्यावरून जो उठला तो लाल रेघेला जाऊन टेकला. दादांचा चेहरा पांढराफटक पडला. थांबलो तर मागचे भोंगे, पुढे जावं तर इंजिन जळणार. त्यांनी सगळ्या काचा खाली केल्या आणि हीटर लावला. होय, मे महिन्यात, भर दुपारी. इंजिनाची धग आत ओढून घेतली की त्याला तेवढा आराम पडतो, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. गरम वाऱ्याचे झोत पायांवर येऊ लागले. मागून सासूबाई म्हणाल्या, "बाळ, मला भट्टीत घालून बरं करणार आहेस का रे?" दादा हसले नाहीत. त्यांच्या हनुवटीवरून घाम टपटपत होता आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. काटा मात्र केसभर खाली आला. कसेबसे घरी पोचलो. सासूबाईंना खुर्चीत बसवून दोघा शेजाऱ्यांनी वर नेलं, कारण दादा त्यांना लिफ्टने जाऊ देईनात.

रविवारी सकाळी त्यांनी गाडी स्वतःच तपासायला घेतली. गाडी रस्त्यात बंद पडण्याइतकीच त्यांना मेकॅनिकची भीती होती. तो एक दुरुस्त करून दोन बिघडवतो, असं त्यांचं ठाम मत. रेडिएटरचं पाणी पाहिलं, पुरेपूर होतं. इंजिनाचा पट्टा दाबून पाहिला, घट्ट होता. मग बॉनेट उघडं ठेवून इंजिन सुरू केलं आणि मला पार्किंगच्या खांबामागे उभं केलं. दहा-बारा मिनिटांत काटा लाल रेघेवर गेला. त्यांनी रेडिएटरच्या दोन पाइपांना बोट लावून पाहिलं, चटकन इंजिन बंद केलं आणि तेही खांबामागे येऊन उभे राहिले. बॉनेटखालून बारीक फुसफुस ऐकू येत होती. "आता तासभर कुणी जवळ जायचं नाही," ते म्हणाले.

मला त्या तासभराचा राग आला. मंगळवार डोळ्यांपुढे नाचत होता. वर सासूबाई चार पावलं चालल्या तरी धापा टाकत होत्या, आणि हा माणूस खांबाआड लपून घड्याळ बघतोय! ते जिन्यातून जाऊबाईंना हाक मारायला वळले, तेवढ्यात मी पदर हाताला गुंडाळला, पुढे गेले आणि रेडिएटरचं झाकण फिरवलं. जेमतेम पाव वेढा फिरलं असेल. खालून काहीतरी जिवंत असल्यासारखं ते माझ्या मुठीत थरथरलं. भीतीने माझा हात तिथेच गोठला. ना सोडवे, ना फिरवे. "सुनंदा!" एवढीच दादांची हाक ऐकू आली. खांद्याचा जोरदार धक्का बसून मी बाजूच्या स्कूटरवर आदळले, आणि जिथे माझा चेहरा होता तिथून उकळत्या पाण्याचा फवारा उंच उडाला. दादांचा डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता.

नळाखाली हात धरून ते उभे राहिले. मी रडत होते, जाऊबाई ओरडत होत्या. दादा म्हणाले, "वरचा पाइप चटका देतोय, खालचा गार आहे. पाणी फिरतच नाहीये. तापल्यावर पाण्याला वाट उघडून देणारा थर्मोस्टॅट अडकला असणार." मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात, "तुला लागलं नाही ना?"

हाताला पट्टी बांधून आल्यावर त्यांनी मला शेजारी उभं केलं आणि गार झालेल्या इंजिनाचे दोन बोल्ट माझ्याकडून काढून घेतले. पाना माझ्या हातून दोनदा खाली पडला. ते एकदाही रागावले नाहीत. आतून निघालेली ती पितळी चकती आम्ही स्वयंपाकघरात नेली, जाऊबाईंच्या दुधाच्या पातेल्यात पाणी घालून उकळत ठेवली. गरम पाण्यात तिचं तोंड उघडायला हवं होतं. पाणी खळखळू लागलं तरी ती मिटलेलीच. कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला विचारलं तर तो म्हणाला, "निकाल के फेंक दो जी, दिल्ली की गर्मी में इसका क्या काम?" दादांनी विचारलं, "और जनवरी में?" सोमवारी रजा टाकून ते भाजलेला हात गळ्यात अडकवून बसने काश्मिरी गेटच्या सुट्या भागांच्या बाजारात गेले आणि नवा थर्मोस्टॅट घेऊन आले. तोही त्याच पातेल्यात घातला. आम्ही चौघं, सासूबाईसुद्धा, गॅसभोवती श्वास रोखून उभे. पाणी तापलं आणि त्याचं तोंड हळूहळू उघडलं. "उघडला!" दादा ओरडले, आणि भाजलेल्या हाताने टाळी वाजवून कळवळले.

मंगळवारी दादांनी पट्टीच्या हातानेच गाडी चालवली आणि आम्ही वेळेवर पोचलो. सासूबाई नवव्या दिवशी घरी आल्या आणि पुढे सहा उन्हाळे आमच्यात होत्या. गाडी नंतर विकली. दादाही आता नाहीत. त्यांच्या भित्रेपणाच्या गोष्टी निघाल्या की घरातले सगळे पोट धरून हसतात, मीही हसते. पण मला त्यांची आठवण येते ती त्या मंगळवारची. सासूबाईंना आत नेलं होतं. कॉरिडॉरमधल्या बाकावर दादा एकटेच बसले होते, पट्टीचा हात मांडीवर ठेवून. तपासण्यासारखं, चाचपण्यासारखं त्यांच्याजवळ काहीच उरलं नव्हतं. मला बघून म्हणाले, "गाडीचं बॉनेट उघडून बघता तरी येतं गं. इथे मी काय बघू?"

थोरल्या दिरांच्या शेजारी बसायची आमच्या घरात पद्धत नव्हती. मी बसले. ते थोडे सरकले आणि त्यांनी मला जागा करून दिली.